बाहेरची पाटी आणि आतली शाळा

गाणगापूरची वारी आमच्या घरात आजोबांपासून आहे. त्यांच्या काळी मडगावहून मीटरगेजच्या गाडीने लोंढा, हुबळी, विजापूर असं करत सोलापूर गाठायचं आणि तिथून पुढे. दोन दिवस सहज जायचे म्हणे. आता प्रवास सोपा झालाय, पण वारी तीच. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचं दर्शन, दुपारी पाच घरची मधुकरी. या खेपेला उमरग्याला बायकोच्या मावसबहिणीकडे जाऊन सोलापूरमार्गे परतायचं ठरलं, म्हणून कलबुर्गीहून आळंदच्या बसमध्ये बसलो. (आळंद. आळंदी नव्हे. आमच्याकडे दहांतले नऊजण ऐकताना आळंदीच ऐकतात.)

आळंदला पुढची बस यायला वेळ होता. बाकावर मराठी वर्तमानपत्र उघडून बसलो, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मराठी काय हो? कुठलं गाव?"

"गोवा."

"गोव्यात मराठी आहे?"

हा प्रश्न ऐकला की प्रत्येक गोमंतकीय मराठी माणसाचं जे होतं ते माझंही झालं. पण प्रश्न विचारणारा माणूस स्वतः कर्नाटकात मराठी बोलत बसला होता, त्यामुळे मी मुकाट उत्तर दिलं. पुढे गप्पा रंगल्या. गृहस्थ निवृत्त शिक्षक. सीमेवरच्या एका गावात अनुदानित मराठी शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं होतं. बोलता बोलता त्यांनी एक वाक्य सहज टाकलं आणि ते माझ्या डोक्यात अजून आहे.

"आमच्या दहावीत अकरा मुलं. एक मूल म्हणजे नऊ टक्के!"

म्हणजे काय, ते आधी कळलं नाही. मग त्यांनी उलगडून सांगितलं. अकरातलं एक पोर ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलं आणि परीक्षेला मागे पडलं, की शाळेचा निकाल नऊ टक्क्यांनी खाली. दोन गेली की अठरा. मग वरून कागद येतो, निकाल का घसरला, कारणं दाखवा, अनुदान का रोखू नये ते कळवा. पुढच्या वर्षी तीच दोन पोरं टिकली की शाळा एकदम 'प्रगतिपथावर'! शिक्षक तेच, फळा तोच, गणितही तेच. शहरातल्या चारशे मुलांच्या शाळेत दोन पोरं गळाली तर कुणाला पत्ताही लागत नाही.

मी सरकारी कारकून आहे. तक्ते भरणं आणि दुसऱ्यांनी भरलेले तक्ते तपासणं यातच माझी निम्मी नोकरी गेली. 'टक्केवारी' या रकान्यामागे किती माणसं आहेत हे विचारायचं असतं, ही गोष्ट मला आळंदच्या स्टँडवर एका मास्तरांनी शिकवली, हे कबूल करायला हवं.

योगायोग असा की त्याच सुमारास माझा अमेरिकेतला भाचा फोनवर त्याच्या मुलीच्या शाळेचं कौतुक करत होता. ती शाळा म्हणे 'चार्टर स्कूल'. चालवणारी संस्था खासगी, पैसा सरकारी. १९९१ साली मिनेसोटा राज्याने यासाठी पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये तिथल्या सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. चार्टर म्हणजे करारपत्र. करार ठराविक वर्षांचा. शाळेला रोजच्या कारभारात मोकळीक, पण त्या बदल्यात कामगिरीची एक चौकट आखून दिलेली. मुलं किती शिकली, पैशाचा हिशेब नीट आहे का, कारभार कायद्याने चालतो का, या तीन अंगांनी शाळेला तपासायचं. उतरली तर करार पुढे, नाही तर शाळा बंद. भाच्याला हे सगळं फार नवं आणि फार अमेरिकन वाटत होतं.

मी म्हटलं, बाबा रे, ही गोष्ट आपल्याकडे दीडशे वर्षं जुनी आहे. आणि तिची एक शाखा नेमकी मी परवा जिथून आलो त्या गुलबर्गा-बीदरकडे गेलेली आहे.

ती हकीकत सांगायची तर सुरुवात १८५४ पासून करावी लागेल. त्या वर्षीच्या वुडच्या खलित्याने हिंदुस्थानात अनुदानाची पद्धत आणली. सरकार सगळ्या शाळा स्वतः चालवू शकत नाही, तेव्हा चांगलं ऐहिक शिक्षण देणाऱ्या, जबाबदार स्थानिक मंडळी चालवत असलेल्या, थोडी तरी फी घेणाऱ्या आणि सरकारी तपासणीला तयार असलेल्या शाळांना सरकारने पैसे द्यावेत, असा तो सौदा. सौदा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. त्यात दोन बाजू होत्या. शाळेने तपासणी मान्य करायची आणि सरकारने पैसा द्यायचा.

पुढे विलायतेत वेगळंच वारं सुटलं. रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्याने १८६२ मध्ये नवी नियमावली आणली. शाळेला दर मुलामागे बारा शिलिंगांपर्यंत अनुदान. त्यातले चार हजेरीचे आणि उरलेले आठ परीक्षेचे. वाचन, लेखन, गणित. एका विषयात पोर नापास झालं की दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे. ही पद्धत स्वस्त तरी पडेल नाही तर कार्यक्षम तरी होईल, अशा अर्थाचं लो साहेबांचं समर्थन होतं. कवी मॅथ्यू अर्नोल्ड त्या काळी शाळा तपासनीस होते. त्यांनी या पद्धतीवर वर्षानुवर्षं टीका केली. तिथल्या वर्गांतून पुढे काय झालं याच्या कथा प्रसिद्धच आहेत. पोरांना वाचनाचं पुस्तक अख्खं पाठ असायचं. तपासनिसासमोर पुस्तक उलटं धरलं तरी ती घडाघडा 'वाचायची'!

मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची ही रीत १८६० च्या दशकात आली. म्हणजे गुलबर्ग्याला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात ती होती. वर्षातून एकदा डेप्युटी इन्स्पेक्टर यायचे. लोकांच्या तोंडी 'दिपोटी'. ते मुलांची परीक्षा घेणार आणि पास झालेल्या मुलांच्या हिशेबाने शाळेला पैसे मिळणार. दिपोटी यायच्या आधीचे आठ दिवस शाळेत काय धांदल असेल, हे ज्यांनी आपल्या शाळेत तपासणी पाहिलीय त्यांना सांगायला नको.

इथे जोतीराव फुल्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी निवेदन दिलं (तारीख १९ ऑक्टोबर). प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यातली मागणी सगळ्यांना ठाऊक असते. पण शाळेने जाब कसा द्यावा याबद्दलही त्यात बारीक विचार आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. जोतीरावांचं म्हणणं असं की वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाचा काही उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी, आणि मधूनमधून न कळवता व्हावी. म्हणजे तपासणीला त्यांचा विरोध मुळीच नव्हता, उलट ती जास्त हवी होती. जास्त मुलं पास करणाऱ्या खेड्यातल्या मास्तराला पगाराशिवाय काही विशेष भत्ता द्यावा, असंही ते म्हणतात. आता हा 'पगाराशिवाय' शब्द महत्त्वाचा. कारण त्याच निवेदनात मास्तराचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत पंधरा ते वीस असावा, असं स्पष्ट आहे. आणि मास्तर शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते गावात मिसळतील, असंही.

मला यातला क्रम फार मोलाचा वाटतो. आधी पोटापुरता पक्का पगार. मग गावात मिसळणारा मास्तर. मग न कळवता तपासणी. आणि या सगळ्यानंतर चांगल्या निकालाचं बक्षीस. निकालाच्या पद्धतीने हा क्रम उलटा केला होता. तिथे निकाल आधी, भाकरी नंतर! १९०४ साली कर्झनच्या सरकारने शिक्षण धोरणाचा ठराव केला तेव्हा निकालावर अनुदानाची ही पद्धत मोडीत निघाली. इंग्लंडने तर ती त्याआधीच सोडून दिली होती.

आता सोलापूरची हद्द ओलांडून पलीकडे जाऊ. पलीकडे निजामाचं राज्य.

गुलबर्गा आणि बीदर हे दोन्ही जिल्हे हैदराबाद संस्थानात होते आणि तिथली गोष्टच निराळी. संस्थानात बहुसंख्य लोकांच्या भाषा तेलुगू, मराठी आणि कन्नड. उर्दू बोलणारे दहा-बारा टक्के. पण राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं तेही उर्दू माध्यमाचं. (देशी भाषेतून थेट वैद्यक आणि विज्ञान शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य करायला हवं. फक्त ती देशी भाषा बहुतेक प्रजेची नव्हती.) खेड्यातलं मराठी पोर चार इयत्ता मायबोलीत शिकलं की पुढे त्याच्यापुढे भिंत उभी.

या भिंतीत पाडलेली एक खिडकी म्हणजे गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय. स्थापना १९०७. गुलबर्ग्यात वकिली करून पुढे हैदराबादेत गेलेले आणि नंतर हायकोर्टाचे न्यायाधीश झालेले केशवराव कोरटकर यांचा या कामात हात होता. हैदराबादची विवेकवर्धिनी शाळाही त्याच सुमाराची, त्यातही ते होते. पुण्यामुंबईत टिळकांच्या राष्ट्रीय शिक्षणाची चर्चा जोरात होती त्या वर्षांची ही गोष्ट. मुंबई इलाख्यात निकालाची पद्धत नुकतीच मावळली होती आणि इकडे संस्थानात एक शाळा लोकांच्या वर्गणीवर उभी राहत होती.

हे वाचताना मला आमचा पणजीचा मुष्टिफंड आठवला. सालही जवळजवळ तेच, १९०८. घरोघर मूठ मूठ तांदूळ गोळा करून चालवलेली मराठी शाळा, म्हणून नाव मुष्टिफंड. तिथे पोर्तुगीज, इकडे निजाम. दोन्हीकडे सरकारची भाषा वेगळी आणि लोकांची वेगळी. अशा शाळेला जाब कोण विचारणार? ज्या बाईने मूठभर तांदूळ घातले ती. तिला टक्केवारी कळत नव्हती. पण पोरगा पत्र वाचून दाखवतो की नाही, दुकानाचा हिशेब करतो की नाही, एवढं तिला बरोबर कळत होतं. आणि तिचं समाधान झालं नाही तर पुढच्या महिन्यात मूठ आखडणार. मुष्टिफंडाची सगळी तपासणी एवढीच! अर्थात या पद्धतीलाही खोट आहेच. जिच्या घरी तांदूळच नव्हते तिचं मत विचारायला कोण जाणार? वर्गणीच्या शाळा ज्या वस्तीतून वर्गणी येई त्या वस्तीकडे बघून चालत, आणि गावकुसाबाहेरची पोरं त्यांच्या हिशेबात फार उशिरा आली. फुले सरकारी तपासणी मागत होते त्यामागे हेही कारण असावं, असं मला वाटतं.

निजामाच्या राज्यातही तपासणी होती. शिक्षण खात्याचा प्रमुख नाझिम तालीमात आणि त्याच्या हाताखाली मोहतमीम तालीमात, म्हणजे शाळा तपासनीस. पण तिथल्या तपासणीचा रोख वेगळा होता. १९२० च्या दशकात खासगी शाळा काढायला सरकारची आगाऊ परवानगी लागेल असा नियम आला. आता शाळा कोण काढतो, तिथे कोणत्या सभा होतात, कोणतं गाणं म्हटलं जातं, इकडे लक्ष. पोरांना गुणाकार येतो की नाही, हा प्रश्न मागेच पडला. ब्रिटिश दिपोटी निदान गणित तरी विचारत होता!

याला लोकांनी दोन प्रकारे उत्तर दिलं, आणि दोन्ही उत्तरं बीदर-गुलबर्ग्याच्या याच टापूत बघायला मिळतात.

एक उत्तर भालकीचं. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू हे लिंगायत स्वामी. (ते १९९९ साली गेले, वय शंभरीच्या पुढे.) त्यांनी मठात कन्नड शाळा चालवली. बाहेर पाटी उर्दू शाळेची, आत शिक्षण कन्नड. आजही बीदर जिल्ह्यात कुणालाही विचारा, ही गोष्ट सांगतात. सांगताना हसतात, आणि मग गंभीर होतात. मराठी माणसाने ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. सीमाप्रश्नाच्या भांडणात आपण विसरतो की त्या राज्यात कन्नड आणि मराठी एकाच पंक्तीला उपाशी बसलेल्या होत्या.

दुसरं उत्तर हिप्परग्याचं. हे गाव तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं, आजच्या लोहारा तालुक्यात, म्हणजे आळंदच्या शेजारचाच मुलूख. तिथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. व्यंकटेश भवानराव खेडगीकर नावाचे तरुण पुढे या शाळेचे मुख्याध्यापक झाले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. स्वामीजींचा जन्म गुलबर्गा जिल्ह्यातल्या चिनमळीचा, हे मराठवाड्यातही कित्येकांना माहीत नसतं. १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या शाळेत गेले, पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले आणि १९५२ च्या पहिल्या लोकसभेत गुलबर्ग्यातूनच निवडून आले. या शाळेने पाटी बदलली नाही. ती उघड राष्ट्रीय शाळा होती आणि त्याची किंमत मोजत राहिली.

हिप्परग्याच्या शाळेचा 'निकाल' किती टक्के होता? प्रश्न हास्यास्पद वाटतो ना? पण आजच्या कुठल्याही चौकटीत ती शाळा बसवून पाहा. इमारत बेताची, निधी अनिश्चित, मुख्याध्यापक संन्यासी, सरकारी परीक्षेशी जेमतेम संबंध. पहिल्याच फेरीत बाद!

अर्थात या उदाहरणाच्या आधारे 'निकाल बघूच नका' असं म्हणणं लबाडीचं होईल. प्रत्येक वाईट शाळा स्वतःला हिप्परगा समजू लागली तर पोरांचं वाटोळं होईल. अनुदान घेऊन कुलूप लावलेल्या शाळा, कागदावरचे विद्यार्थी, नात्यातले शिक्षक, हे सगळं आपल्या देशात पोत्याने आहे. सरकारी पैसा म्हणजे शेवटी आमचा-तुमचाच. त्याचा हिशेब मागितलाच पाहिजे. प्रश्न आहे तो कशाचा आणि कोणत्या क्रमाने.

पुढचा इतिहास भरभर सांगतो. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचनेत त्याचे तीन तुकडे झाले. बीदर जिल्हाही फाटला. उदगीर, अहमदपूर, निलंगा इकडे मराठी राज्याकडे आले. भालकी, औराद, हुमनाबाद आणि खुद्द बीदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. गुलबर्गाही बहुतेक तिकडेच, आळंदसकट. महाजन आयोग झाला (अहवाल १९६७), महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. गुलबर्गा २०१४ मध्ये कलबुर्गी झालं, हैदराबाद-कर्नाटक २०१९ मध्ये कल्याण-कर्नाटक झालं. नावं बदलत राहिली. मराठी शाळा मात्र राहिल्या, काही सरकारी, काही अनुदानित.

आणि शेजारची दोन राज्यं एकाच प्रश्नाशी आपापल्या परीने झगडत राहिली. महाराष्ट्राने 'कायम विनाअनुदानित' शाळांची परवानगी वाटली, मग २००९ मध्ये त्यातला 'कायम' शब्द काढला, मग शाळांचं मूल्यांकन करायचं ठरवलं आणि त्यात पात्र ठरलेल्यांना २०१६ पासून वीस टक्क्यांनी अनुदान द्यायला सुरुवात केली. वीस टक्के! दहा-पंधरा वर्षं बिनपगारी शिकवणाऱ्या मास्तरांना मुंबईच्या आझाद मैदानावर पावसाळे काढावे लागले. फुल्यांच्या क्रमाची इथे पुन्हा उलटापालट झाली. आधी तपासणी, मग पाचवा हिस्सा पगार.

कर्नाटकात गाडी दहावीच्या निकालावर, म्हणजे एसएसएलसीवर चालते. त्याचे अलीकडचे आकडे बघा, मग आळंदच्या मास्तरांचं म्हणणं नीट कळेल. २०२३ साली राज्याचा निकाल ८३.८९ टक्के. २०२४ मध्ये परीक्षा केंद्रांवर कॅमेरे लावले, वेबकास्टिंग सुरू केलं. निकाल इतका कोसळला की वाढीव गुण वीस टक्क्यांपर्यंत न्यावे लागले, आणि ते देऊनही ७३.४० टक्क्यांवर थांबला. २०२५ मध्ये ती खैरात बंद झाली. दक्षिण कन्नड जिल्हा पहिला, ९१.१२ टक्के. कलबुर्गी शेवटचा, ४२.४३ टक्के. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये पास होण्याची रेघच ३५ वरून ३३ वर आणल्याचं जाहीर झालं.

आता यातलं नेमकं काय मोजलं गेलं? कॅमेरा येण्यापूर्वी जे मोजलं जात होतं त्यात गणित किती आणि शेजारच्याची वही किती? पोरांनी पुस्तक उलटं धरूनच वाचलं ना? हा दोष फक्त आपल्या मातीचा आहे असंही नाही. अमेरिकेत २००२ पासून कायद्याने शाळांची परीक्षा गुणांवर सुरू झाली, आणि २०११ मध्ये अटलांटा शहरातल्या ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांवर उत्तरपत्रिकांत फेरफार केल्याचा ठपका चौकशी अहवालात आला. काहींना तुरुंग बघावा लागला. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प झाला.

मला तर कॅमेऱ्याचं स्वागतच करावंसं वाटतं. जोतीरावांची न कळवता होणारी तपासणी ती हीच. खरा आकडा समोर आला हे चांगलंच झालं. पण तो आकडा हातात आल्यावर कारणे दाखवा नोटीस कुणाला द्यायची? मंगळूर आणि कलबुर्गी यांच्यात जवळपास ४९ टक्क्यांचं अंतर आहे. हे अंतर काय मास्तरांच्या आळसाचं आहे? प्रादेशिक असमतोलावरच्या डॉ. नंजुंडप्पा समितीने २००२ साली राज्यातले ३९ तालुके अतिमागास ठरवले, त्यातले २१ एकट्या गुलबर्गा विभागातले. या भागासाठी ३७१ (जे) कलम राज्यघटनेत घालावं लागलं. म्हणजे सरकारने स्वतःच लिहून दिलंय की इथे आम्ही कमी पडलो. शिक्षकांच्या रिकाम्या जागा, हंगामात पुण्या-मुंबईकडे जाणारी कुटुंबं, ही सगळी कारणं सरकारी अहवालांत छापलेली आहेत. पण १८५४ च्या त्या सौद्यातली शाळेची बाजू तेवढी तपासायची, सरकारची बाजू तपासायला मोहतमीम कोण?

सीमेवरच्या मराठी शाळेचा तर आणखी एक पेच. दहावीत अकरा पोरं, म्हणजे पटसंख्या कमी. पटसंख्या कमी म्हणून शिक्षकपद भरायचं नाही. शिक्षक नाही म्हणून निकाल कमी. निकाल कमी म्हणून आईबाप पोराला दुसरीकडे घालतात, आणि पुन्हा पटसंख्या कमी. कारकून म्हणून मी सांगतो, या साखळीतला प्रत्येक कागद नियमाप्रमाणे बरोबर असतो. एकाही फायलीवर कुणाची चूक सापडायची नाही.

आळंदच्या स्टँडवर मास्तरांनी मला उलट विचारलं होतं, "तुमच्याकडे ग्रँट कशावर देतात?"

मी म्हटलं, भाषेवर. आणि मग त्यांना आमची कहाणी सांगितली. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव काढलेल्या सरकारी मराठी शाळा. १९९० साली शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री असताना ठरलेलं धोरण, की प्राथमिक शाळेला अनुदान हवं तर माध्यम मराठी किंवा कोकणी पाहिजे. त्यावर चर्चच्या कितीतरी शाळा रातोरात कोकणी माध्यमाच्या झाल्या. त्या खरोखर किती कोकणी झाल्या आणि किती ठिकाणी बाहेर पाटी कोकणीची अन् आत इंग्रजी, हे ज्याच्या त्याच्या मनाला ठाऊक. (भालकीची गोष्ट तोवर मी ऐकली नव्हती, नाही तर तिथेच सांगितली असती. फरक एवढाच की भालकीत पाटीआड लोकांची भाषा लपवली होती.) मग २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान खुलं झालं, केवढं आंदोलन पेटलं, पुढच्या सरकारनेही आधीच्या त्या शाळांचं अनुदान काढलं नाही.

मास्तर लक्ष देऊन ऐकत होते. "म्हणजे निकालाचं कोणी विचारलंच नाही?"

"प्राथमिकला कसला निकाल!"

"आणि पोरं? मराठीत राहिली?"

मी म्हटलं, "खेड्यात थोडी राहिली. बाकी इंग्रजीकडे गेली."

"इकडेबी तेच हो," ते म्हणाले. "माझा नातूच घ्या. कलबुर्गीला इंग्लिश मिडियमला आहे. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पोरांना मराठीत गणित शिकवलं, आणि त्याला पाढे शिकवायला गेलो तर म्हणतो, आजोबा, पावणेदोन म्हणजे किती?"

उमरग्याची बस लागली होती. बायको खिडकीजवळची जागा धरून हाक मारत होती. मास्तर उठून उभे राहिले, पिशवीतून दोन पेरू काढून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "पुढच्या वारीला आलात की या आमच्या शाळेत. अकराची नऊ झाली असतील, पण शाळा असेल."